सोल्युशनच्या डब्यात पेट्रोल ओततो कोण?

मागच्या महिन्यात चपलेचा अंगठा तुटला म्हणून बसस्टँडमागच्या मामांकडे गेलो. डब्यातलं सोल्युशन पार काकवीसारखं घट्ट झालेलं. मामांनी मागून एक पाण्याची बाटली काढली आणि डब्यात ओतली. वास आला, पेट्रोल! शेजारी नातू गृहपाठ करत बसलेला. चार हातांवर चहाच्या टपरीचा गॅस पेटलेला.

"मामा, पेट्रोल कशाला?"

"मग काय ओतू साहेब? थिनर मागितलं तर म्हणतात पाच लिटरचा डबा घ्या. आम्हाला लागतं कपभर."

आता लगेच कुणीतरी म्हणेल, 'ही माणसं ऐकतच नाहीत हो.' साफ खोटं. कपभर थिनर मिळतच नसेल, तर माणूस जे मिळतं तेच ओतणार.

आधी माझी चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी याच ओळीतलं एक दुकान जळालं. मी चार ओळींत 'शॉर्टसर्किटने आग' असं लिहून मोकळा झालो. कारण तेच असेलही. पण आत काय साठवलं होतं, हे मी विचारलंच नाही. आपल्याकडे शॉर्टसर्किट लिहिलं की बातमीदाराचंही काम संपतं आणि प्रशासनाचंही.

२०२५ मध्ये प्राडाने कोल्हापुरीची नक्कल केली म्हणून आपण सगळ्यांनी पोस्टी टाकल्या. मीही टाकली. पण चप्पल करणारा, सांधणारा माणूस दिवसभर काय हुंगतो, यावर आपली एक ओळ नाही.

हे काही नवीन नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये घरोघरी सँडल चिकटवणाऱ्या कामगारांचे हातपाय लुळे पडले. कारण निघालं गोंदातलं हेक्झेन. १९७० च्या दशकात इस्तंबूलच्या चप्पल-बूट कामगारांमध्ये रक्ताचा कर्करोग आढळला, तो बेंझिनमुळे. आपल्या पेट्रोलमध्येही एक टक्क्यापर्यंत बेंझिन चालतं. गाडीच्या टाकीत ठीक आहे, बंद खोपटात नाही.

आणि पेट्रोलने काम तरी नीट होतं का? नाही. सोल्युशनमधलं रबर पेट्रोलमध्ये धड विरघळत नाही, गुठळ्या होतात, जोड कच्चा राहतो. चार दिवसांत तळ सुटतो आणि गिऱ्हाईक शिव्या मामांना घालतं.

नीट पद्धत सोपी आहे. डब्यावर कंपनीने जे थिनर छापलंय तेच घ्यायचं. थोडं थोडं ओतून लाकडी काडीने ढवळायचं. उघड्या हवेत, विडी-गॅस-शेगडीपासून लांब. याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. डबा शेगडीवर तापवायचा तर नाहीच नाही. जेलीसारखे गोळे झाले असतील तर ते सोल्युशन संपलं, थिनर वाया घालवू नका. रोजच्या कामापुरतं छोट्या डब्यात काढा, मोठ्याचं झाकण घट्ट लावा, म्हणजे घट्ट होण्याची वेळच कमी येते. आणि पाण्याच्या बाटलीत थिनर कधीच नको. घरात पोरं असतात.

हे सगळं मामांना पटलं. पण पटून काय करतील? म्हणून प्रश्न मामांना नाही, तुम्हाला आहे.

हार्डवेअरवाल्यांनो, पाव लिटरचं सीलबंद थिनर ठेवा, मराठीत सूचना छापलेलं. सुटं, बिनलेबलचं विकणं बंद करा. नगरपालिकेने गटई कामगारांना खेळती हवा असलेले गाळे द्यावेत, चारी बाजूंनी बंद पत्र्याचे डबे नकोत. फूटपाथवर बसले म्हणून पावती फाडायला तुमचा माणूस बरोबर येतो, मग हे बघायला का येत नाही?

आणि आपण गिऱ्हाईकांनी वीस रुपयांवर घासाघीस थांबवू या. त्या वीस रुपयांतच कपभर थिनर आहे.

पुढच्या वेळी आग लागली, तर मी 'शॉर्टसर्किट' लिहिण्याआधी डबे मोजणार आहे. आज सांगून ठेवतो.