पेट्रोलपंप : आठवणीतली सेवा आणि आजचा हक्क

मुर्री (जि. गोंदिया), प्रतिनिधी : गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीतून रोज सकाळी दुचाकींची रीघ शहराच्या दिशेने निघते. कोणाला रेल्वे गाठायची असते, कोणाला भातगिरणी, तर कोणाला महाविद्यालय. वाटेत पेट्रोलपंपावर थांबणे होते ते जेमतेम दोन मिनिटांचे. ‘शून्य बघा’, पैसे, आणि पुढचा ग्राहक! या घाईतच ज्येष्ठांच्या तोंडून एक तक्रार हमखास ऐकू येते, ‘पंपावर पूर्वीसारखी सेवा राहिली नाही.’

ही तक्रार केवळ वयाची नाही. पंपावर पूर्वी काय मिळत असे, ते का थांबले आणि त्यातले काय आजही मागता येते, याचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे.

पंप नव्हे, मुक्कामाची जागा

टू-स्ट्रोक इंजिनाच्या काळात पंपावरच्या माणसावाचून गाडी चालत नसे. लूना असो वा बजाजची स्कूटर, पेट्रोलमध्ये ठरावीक प्रमाणात तेल मिसळावे लागे. ते प्रमाण पंपावरच्या माणसाला पाठ असे. तेल कमी पडले तर इंजिन जाम होई आणि जास्त झाले तर धूर निघे. मोटारीच्या रेडिएटरमध्ये पाणी घालणे, इंजिनचे तेल पट्टीने तपासणे, चाकांतली हवा पाहणे, फडक्याने समोरची काच पुसणे ही कामे ओघानेच होत. नेहमीच्या गिऱ्हाईकाची उधारी वहीत मांडली जाई. मालमोटारीच्या चालकासाठी तर पंपाचे आवार म्हणजे आंघोळीची, विसाव्याची आणि निरोप ठेवण्याची हक्काची जागा होती.

या सेवेमागे जिव्हाळा होता, तसाच व्यवहारही होता. बर्मा शेल, एस्सो आणि कॅल्टेक्स या परदेशी कंपन्या टापटीप आणि तत्परता यांवर आपली ओळख राखून होत्या. १९७४ मध्ये एस्सोचे राष्ट्रीयीकरण होऊन हिंदुस्तान पेट्रोलियम उभी राहिली. १९७६ मध्ये बर्मा शेल सरकारकडे आली व पुढे भारत पेट्रोलियम झाली. कॅल्टेक्सही त्याच सुमारास सरकारी मालकीत येऊन हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. इंडियन ऑईल आधीपासून सरकारी होतीच. त्यानंतर बराच काळ दर सरकार ठरवी आणि फलक कोणताही असला तरी भाव जवळपास सारखाच असे. अशा वेळी ग्राहक पंप निवडत असे तो माणूस पाहून.

आठवणींची काळी बाजू

मात्र स्मरणरंजन नेहमीच निवडक असते. त्याच काळात पंपाचा परवाना ही राजकीय मेहेरनजरेची वस्तू झाली होती. मंत्र्यांच्या स्वेच्छाधिकारातून दिलेले १५ पंप सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रद्द केले. २००२ मध्ये पंपवाटपाचा वाद पुन्हा पेटला आणि तेव्हाच्या केंद्र सरकारला सरसकट वाटप रद्द करण्याची घोषणा करावी लागली. तो सरसकट निर्णय न्यायालयात टिकला नाही, पण वाटपावरचा संशय मात्र टिकला.

भेसळीचे दुखणे त्याहून जुने. शिधापत्रिकेवरचे रॉकेल स्वस्त आणि डिझेल महाग, या तफावतीवर एक समांतर धंदाच पोसला गेला. २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी येथे इंडियन ऑईलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांची भेसळीविरुद्ध कारवाई केल्याबद्दल हत्या झाली. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले. महाराष्ट्राला हादरवणारी ही घटना ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांनी विसरता कामा नये. काच पुसणारा हात आपुलकीचा असेल, पण टाकीत पडणारे इंधन शुद्धच असेल याची हमी त्या आपुलकीत नव्हती.

माणूस आहे, सवड नाही

मग बदलले ते काय? अमेरिकेत १९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर पंपावरचा माणूस झपाट्याने नाहीसा झाला आणि ग्राहक स्वतःच इंधन भरू लागला. ऑरेगॉन राज्याने १९५१ पासूनची बंदी २०२३ मध्ये उठवली. स्वतः पेट्रोल भरण्यास मनाई करणारे न्यू जर्सी हे तेथील एकच राज्य आता उरले आहे. भारतात तसे घडलेले नाही. येथे नोझल आजही कर्मचाऱ्याच्याच हाती आहे. नाहीशी झाली आहे ती त्याची सवड.

त्याची कारणे अर्थकारणात सापडतात. पंपचालकाची मिळकत मुख्यतः विकलेल्या लिटरवर अवलंबून असते. इंधन महागले म्हणून त्याच प्रमाणात त्याचे कमिशन वाढत नाही. २०१७ नंतरची कमिशनवाढ थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाली. मधल्या काळात पगार, वीज आणि देखभाल यांचा खर्च थांबून राहिला नव्हता. अशा गणितात रांग जितकी वेगाने सरकेल तितका फायदा. काच पुसण्यात गेलेले मिनिट हे पंपाच्या दृष्टीने गमावलेले गिऱ्हाईक ठरते. शिवाय फोर-स्ट्रोक इंजिनांनी तेल मिसळण्याचे काम संपवले आणि ट्यूबलेस टायरांनी पंक्चरची धास्ती कमी केली. जून २०१७ पासून दर रोज सकाळी ६ वाजता बदलू लागले. आता ग्राहकाचे लक्ष माणसाकडे नव्हे, आकड्याकडे असते.

विश्वासाचे स्वरूपही पालटले. नव्या शतकाच्या प्रारंभी कंपन्यांनी शुद्धतेची आणि अचूक मापाची जाहिरात सुरू केली. ओळखीच्या चेहऱ्याची जागा प्रमाणपत्राने घेतली. परंतु यंत्रही निर्दोष निघाले नाही. २०१७ मध्ये आधी उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांच्या कारवाईत महाराष्ट्रात, यंत्रात इलेक्ट्रॉनिक चिप बसवून माप मारण्याचे प्रकार उघडकीस आले. चेहरा फसवू शकतो, तसे यंत्रही फसवू शकते.

मेहेरबानी नव्हे, हक्क

म्हणूनच जुन्या सेवेसाठी हळहळण्यापेक्षा आज जे देय आहे ते मागणे अधिक शहाणपणाचे. चाकांत मोफत हवा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार पेटी आणि तक्रार नोंदवण्याची सोय ही पंपाची मर्जी नसून तेल कंपन्यांच्या नियमांनुसार बंधनकारक गोष्ट आहे. मापाबद्दल शंका आल्यास ५ लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून मागता येते. शुद्धतेची शंका आल्यास फिल्टर पेपरवर पेट्रोलचा थेंब टाकून पाहता येतो. थेंब उडून गेल्यावर डाग मागे राहिला तर भेसळीचा संशय घ्यावा. नोंदवलेली घनताही विचारता येते. पण रांगेतली मागची गाडी हॉर्न वाजवू लागली की यातले काहीच विचारण्याचे धाडस होत नाही. हवेचे यंत्र ‘बंद आहे’ असे ऐकून ग्राहक निमूटपणे पुढे जातो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पैसे मोजून हवा भरून घेतो. ही मूक तडजोडच सेवेच्या ऱ्हासाला खतपाणी घालते.

पुढचा बदल तर दारात उभा आहे. ज्या चेतकसाठी पंपावर तेल मिसळून घ्यावे लागे, तीच चेतक २०२० मध्ये विजेवर धावणारी होऊन परतली. ती घरच्या सॉकेटवर चार्ज होते, तिला पंपाची गरजच नाही. विजेच्या गाड्या वाढतील तसतसा पंपावरचा रोजगार आणि विक्री दोन्ही दबावाखाली येतील. त्या वेळी टिकतील ते पंप, जेथे ग्राहकाला थांबावेसे वाटेल. स्वच्छ स्वच्छतागृह, चालू स्थितीतले हवेचे यंत्र आणि दोन शब्द बोलण्याइतकी सवड असलेला माणूस, एवढ्या साध्या गोष्टींवर ते ठरणार आहे. जुन्या पंपचालकांना ही गोष्ट ठाऊक होती. नव्यांना ती वेळीच उमगणार का, हा खरा प्रश्न आहे.