कोल्हापूरचा अनिकेत जाधव ब्लॅकबर्नपर्यंत पोचला, पण पिंपळवंडीच्या पोराची वाट पुण्यातच का अडते?

पुणे-नाशिक हायवेवर नारायणगाव सोडलं आणि आळेफाटा यायच्या आत पिंपळवंडी लागतं. इथल्या पोराला क्रिकेट खेळायचं असेल तर काय करायचं, हे गावात कुणीही सांगेल. पैलवान व्हायचं असेल तरी सांगेल. पण फुटबॉलवर पोट भरायचं असेल तर?

हा प्रश्न शासनानेच गावागावात नेला होता. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील मुलांचा फुटबॉल वर्ल्डकप झाला. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्य सरकारने 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' राबवलं. शाळांना फुटबॉल दिले आणि एकाच दिवशी राज्यभरातली दहा लाख पोरं खेळवायचं ठरवलं. पण दुसऱ्या दिवसापासून खेळून पुढे जायचं कुठे, हे त्या मोहिमेत नव्हतं.

ही वाट कशी असते, हे बघायला त्याच वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेल्या एका मराठी पोराचं करिअर घेऊ.

अनिकेतने काय काय केलं?

अनिकेत जाधव कोल्हापूरचा. जन्म जुलै २००० चा, वडील रिक्षाचालक. लहान वयातच तो कोल्हापूर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला आणि पुढे वर्ल्डकपच्या संघात पोचला. भारत तिन्ही मॅच हरला: अमेरिकेशी ०-३, कोलंबियाशी १-२, घानाशी ०-४. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये याच पोरांना घेऊन बनवलेला इंडियन ॲरोज संघ आय-लीगमध्ये उतरला. पहिल्याच मॅचमध्ये त्यांनी चेन्नई सिटीला ३-० ने हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे होते. वय होतं १७.

मग इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये काही महिने सराव केला. २०१९ मध्ये जमशेदपूर, २०२१ मध्ये हैदराबाद. २० मार्च २०२२ ला हैदराबादने फातोर्ड्यात केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली, तेव्हा अनिकेत त्या संघात होता. त्यानंतर ईस्ट बंगाल, मग ओडिशा.

ऐकायला भारी वाटतं, आणि आहेच. पण या यादीत एक गोष्ट बघा. वर्ल्डकपनंतर व्यावसायिक फुटबॉल खेळायला त्याला महाराष्ट्राबाहेरच जावं लागलं.

ब्लॅकबर्नच का? आणि तिथे राहिला का नाही?

यात पुण्याचं कनेक्शन आहे. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १९९५ चा प्रीमियर लीग विजेता क्लब. २०१० मध्ये तो पुण्याच्या वेंकीज ग्रुपने विकत घेतला. जुन्नर-आंबेगावात पोल्ट्रीचं शेड असलेल्या कुणालाही हे नाव नवीन नाही.

पण मालक पुण्याचा असला तरी नियम इंग्लंडचे. तेव्हा युरोपियन युनियनबाहेरच्या खेळाडूला वर्क परमिट हवं असेल, तर त्याचा देश फिफा रँकिंगमध्ये साधारण पहिल्या पन्नासात असावा लागायचा, आणि त्या देशाच्या सीनियर संघाकडून तो नियमित खेळलेलाही असावा लागायचा. भारत पन्नासाच्या आसपासही नव्हता. म्हणजे पोरगा कितीही चांगला खेळला, तरी करार होणं जवळपास अशक्य.

आयर्लंडच्या पोराला हे कसं जमतं?

आयर्लंडची लोकसंख्या आहे साधारण ५४ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची होती ९४ लाख. तरीही तिथली पोरं प्रीमियर लीगमध्ये दिसतात. एक कारण सरळ आहे. आयरिश माणसाला ब्रिटनमध्ये काम करायला परमिट लागत नाही. ब्रेक्झिटनंतर मात्र १८ वर्षांआधी तिकडच्या क्लबात जाता येत नाही.

दुसरं कारण आपल्या जास्त कामाचं आहे. इव्हान फर्ग्युसन २००४ चा. डब्लिनच्या बोहेमियन्स क्लबमधून तो ब्रायटनला गेला आणि १८ व्या वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने न्यूकॅसलविरुद्ध हॅटट्रिक केली. पुढे दुखापती आल्या, फॉर्म गेला, आधी वेस्ट हॅम आणि मग रोमाकडे लोनवर जावं लागलं. दुसरा ट्रॉय पॅरट. टॉटनहॅमने त्याला पाच वेगवेगळ्या क्लबांना लोनवर दिलं. शेवटी तो नेदरलँड्सच्या एझेड अल्कमारकडे गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच पॅरटने पोर्तुगालविरुद्ध दोन आणि हंगेरीविरुद्ध तीन गोल मारून आयर्लंडला वर्ल्डकप पात्रतेच्या प्लेऑफमध्ये नेलं.

दोघंही पडले, पण पडल्यावर उभं राहायला खाली क्लब होते. फर्ग्युसन जिथून निघाला तो बोहेमियन्स १८९० पासून सुरू आहे, कारण तो कुणा एका मालकाचा नाही, सभासदांचा आहे. शिवाय असा खेळाडू पुढे परदेशी विकला गेला, की फिफाच्या नियमाने त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. म्हणजे पोरं घडवणं हा तिथल्या छोट्या क्लबांचा धंदाही आहे.

मग पुण्यात काय झालं?

पुण्यात दहा-बारा वर्षांत चार मोठे क्लब आले आणि गेले:

• पुणे एफसी: २००७ मध्ये सुरू, २०१२-१३ ला आय-लीगचे उपविजेते, २०१५ मध्ये बंद.

• भारत एफसी: २०१४-१५ चा एकच हंगाम.

• डीएसके शिवाजियन्स: आय-लीगचे दोन हंगाम, २०१७ नंतर नाही.

• एफसी पुणे सिटी: २०१४ ते २०१९.

शेवटच्या क्लबची आयएसएलमधली जागा कुणी घेतली? हैदराबाद एफसीने. म्हणजे अनिकेत ज्या संघातून चॅम्पियन झाला, तो पुण्याच्या बंद क्लबच्या जागेवर उभा होता. तोही टिकला नाही. २०२३-२४ मध्ये पगार थकले, खेळाडू सोडून गेले. पुढे मालक बदलले आणि २०२५ मध्ये क्लब दिल्लीला हलवला गेला.

२०२५ च्या जुलैमध्ये तर अख्खी आयएसएलच थांबली. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार संपत आला होता, नवा होत नव्हता. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. शेवटी १४ फेब्रुवारी २०२६ पासून छोटी लीग घ्यायचं ठरलं. फुटबॉलरच्या कमाईची वर्षं दहा-बारा. त्यातले सहा-सात महिने असे गेले, तर ते कुणी परत देत नाही.

कोल्हापूरकडे काय आहे?

तालमी. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. मालक कंपनी नाही, पेठ आहे. म्हणून पिढ्यानपिढ्या शाहू स्टेडियम भरतं. पण तालमीच्या जोरावर देशपातळीचं करिअर होत नाही, म्हणून अनिकेतला बाहेर पडावं लागलं. थोडक्यात, आपल्याकडे जे टिकतं ते पगार देत नाही आणि जे पगार देतं ते टिकत नाही.

तालीम जुन्नरच्या गावांनाही नवीन नाही. पोरगं किंवा पोरगी फुटबॉलमध्ये चांगली असेल, तर पालकांनी अकादमीची फी भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. अकादमीला महासंघाची मान्यता आहे का? खेळाडूची महासंघाकडे रीतसर नोंदणी होते का? आणि अकादमी उद्या बंद पडली तर शाळेचं काय? पुण्यातल्या चार क्लबांचा अनुभव बघता, तिसरा प्रश्न सगळ्यात आधी विचारलेला बरा.