लाल गोळ्या डब्यात ठेवू नका

नामपूर भागात कांद्याची लागवड सुरू झाली की गरोदर बायाही दिवसभर वाकून रोपे लावतात. संध्याकाळी धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. विचारले तर उत्तर ठरलेले : "दिवस गेलेत, थकवा यायचाच." आम्हाला हे उत्तर मान्य नाही. थकवा कामाचा की रक्ताचा, हे बोटातल्या एका थेंबावरून कळते. गरोदरपणी हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली गेले की तो रक्तक्षय समजावा. 7 च्या खाली गेले तर घरी थांबूच नये, दवाखान्यात दाखल व्हावे. अशा बाईला बाळंतपणात झालेला रक्तस्राव जिवावर बेततो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला.

नर्सबाई देतात त्या लाल गोळीत लोह असते आणि फॉलिक ॲसिड. या दुसऱ्या औषधाची कथा आपल्या मुंबईची आहे. 1928 साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर तेथे आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायांना एक जीवघेणा रक्तक्षय होई, त्याचा तिने शोध घेतला. यीस्टचा अर्क दिला तेव्हा त्या बाया सुधारू लागल्या. 1931 साली तिने हे प्रसिद्ध केले. पुढे 1941 मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळे काढले गेले. म्हणजे खोट नशिबात नव्हती, ताटात होती. गिरणीतल्या बायांमुळे सापडलेले हे औषध आज फुकट मिळते, आणि आपण ते पत्र्याच्या डब्यात टाकून देतो!

कारणेही ऐकतो आम्ही. मळमळते, शौचास काळे होते, मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल. काळा रंग लोहाचा असतो, त्यात भिण्यासारखे काही नाही. मूल अडण्याची गोष्ट निव्वळ ऐकीव. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर मात्र मुळीच नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. निदान तासाभराचे अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. रक्त फार कमी असेल तर जास्त गोळ्या की इंजेक्शन, हे डॉक्टर ठरवतील.

जेवणात बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, शेवग्याचा पाला, वर लिंबू पिळलेले. जमेल तेव्हा अंडे, मटण. पण घरातली बाई सर्वांच्या शेवटी, उरलेल्या कालवणावर जेवते, तिथे ही यादी काय कामाची? सासूबाईंना आमची विनंती, सुनेला आधी वाढा.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. नवऱ्याने त्या दिवशी रोज बुडवून सोबत जावे आणि रक्ताचा आकडा कार्डावर लिहून घ्यावा.