फोटो गेले कुठे?

इंजिनिअर झालेल्या मुलाला नात्यातले लोक दोन कामं हक्काने सांगतात: प्रिंटर सुरू करून दे आणि हरवलेलं शोधून दे. या वेळचं काम दुसऱ्या प्रकारातलं होतं, आणि ते सोनकच्छहून आलं.

सोनकच्छ म्हणजे इंदूर-भोपाळ रस्त्यावर, देवासच्या पुढचं गाव. तिथे माझे एक काका राहतात, निवृत्त शिक्षक. धार-देवासचे पवार, इंदूरचे होळकर, ग्वाल्हेरचे शिंदे यांच्या मागोमाग मराठी घरं माळव्यात आली आणि इथलीच झाली. त्यांतल्या आपल्या गोतावळ्याची नोंद काका बरीच वर्षं करत आहेत. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये त्यांचा एक फॉर्म आहे: नाव, मूळ गाव, कुलदैवत, नातं आणि उजवीकडे फोटो. मुलाने नवा लॅपटॉप दिला, काकांनी डेटाबेसची फाइल त्यावर आणली, आणि पाहतात तर नावं सगळी जागेवर, फोटोंच्या चौकटी कोऱ्या. जुना संगणक रविवारी भंगारवाला नेणार होता.

मी फोनवर आधी एवढंच म्हणालो, "काका, भंगारवाल्याला थांबवा. आणि त्या फाइलची एक प्रत काढून बाजूला ठेवा."

फॉर्ममध्ये फोटो दिसत नाही, याचा अर्थ फोटो गेला असा होत नाही. फॉर्म ही नुसती खिडकी आहे. माल टेबलमध्ये असतो, म्हणून फॉर्म बंद करून टेबल उघडायचं आणि फोटोच्या रकान्यात काय आहे ते पाहायचं. तिथे तीनपैकी एक गोष्ट दिसते.

पेपरक्लिपचं चिन्ह आणि कंसात आकडा असेल, तर फोटो डेटाबेसच्या आतच जोडलेला आहे. ही सोय ॲक्सेस २००७ पासून आली. कंसात शून्य असेल, तर त्या नोंदीला फोटो जोडलेलाच नाही.

'पॅकेज' किंवा 'बिटमॅप इमेज' अशी अक्षरं असतील, तर फोटो जुन्या पद्धतीने आत कोंबलेला आहे. तो दाखवायला तो आत घालणारा प्रोग्रॅमही संगणकावर लागतो. पूर्वी ऑफिसबरोबर फोटो एडिटर नावाचा प्रोग्रॅम यायचा, तो ऑफिस २००३ पासून बंद झाला, आणि त्याच्या भरवशावर असलेले फोटो नव्या संगणकांवर मुके झाले. जुन्या संगणकावर ते उघडत असतील, तर तिथेच एकेक उघडून साध्या फाइलीत साठवून घ्यावेत. शिवाय या पद्धतीने डेटाबेस भयंकर फुगतो, आणि ॲक्सेसची फाइल २ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही.

तिसरी शक्यता म्हणजे रकान्यात नुसता पत्ता असणं: अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक फाइल. काकांचं हेच होतं. देवास संस्थानात जशी थोरली पाती आणि धाकटी पाती, गाव एक पण कारभार दोन, तसं इथे नोंदी एकीकडे आणि फोटो दुसरीकडे. काकांनी एका पातीचं दफ्तर आणलं, दुसरीचं जुन्या घरात राहिलं. ते जुन्या घरासकट भंगारात चाललं होतं. त्यातले कितीतरी फोटो लोकांनी अल्बममधून काढून दिलेले, स्कॅन करून परत केलेले. काही घरांत ते अल्बम आता उरलेले नाहीत.

फोल्डर नव्या लॅपटॉपवर आणलं, तरी फोटो दिसेनात, कारण नव्या लॅपटॉपवर वापरणाऱ्याचं नाव वेगळं, म्हणजे पत्ताही वेगळा. मग टेबलमध्ये पूर्ण पत्त्याऐवजी फक्त फाइलचं नाव ठेवलं, फोटोंचं फोल्डर डेटाबेसच्या शेजारी ठेवलं, आणि 'मी जिथे आहे तिथलंच शेजारचं फोल्डर बघ' असं फॉर्मला सांगितलं. आता दोन्ही एकत्र उचलून कुठेही नेलं तरी चालतं.

बहुतेक चेहरे परत आले. मोजके राहिले, आणि तिथे खरी गंमत होती.

काही फोटो आयफोनवरचे होते. आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, आयफोन सहसा एचईआयसी प्रकारात फोटो साठवतो. ॲक्सेसच्या जुन्या आवृत्त्या तो ओळखत नाहीत. नावापुढे जेपीजी लिहून भागत नाही, फोटो खरोखर रूपांतरित करावा लागतो.

एका 'कऱ्हाडकर' आजींचा फोटो मात्र जेपीजी असूनही येईना. नाव टेबलमध्येही तेच, फाइलचंही तेच. पण युनिकोडमध्ये आपला 'ऱ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि खाली नुक्ता असा जोडून. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ती दोन निराळी नावं वाटतात. एकदा मोबाइलवर आणि एकदा संगणकावर टाइप केलं की असं होऊ शकतं. त्यात भर म्हणजे ॲक्सेसमधली व्हीबीए ही जुनी भाषा देवनागरी फाइलनावांशी अडखळते. उपाय सोपा आहे: फाइलला नोंदीचा क्रमांक द्या आणि नाव फक्त टेबलमध्ये ठेवा.

प्रत्येक नोंदीला एकच फोटो दिसत असेल, तर तो दोष वेगळा. फोटो बदलण्याची सूचना फॉर्म उघडताना एकदाच चालते आहे. ती नोंद बदलण्याच्या घटनेवर, म्हणजे 'ऑन करंट'वर ठेवायची.

शेवटी सगळ्या चौकटी भरल्या. पण फोल्डरमध्ये दोन फोटो असे निघाले, की ज्यांची नोंदच नाही. नऊवारीतली एक बाई, आणि पगडी घातलेले एक गृहस्थ. काकांना आठवत नाही. "माझ्या आईने ओळखलं असतं रे," म्हणाले.

यावर माझ्याकडे उपाय नाही. म्हणून दिवाळीत घरी जाल तेव्हा अल्बम मोबाइलने टिपताना आजी-आजोबांना शेजारी बसवा, प्रत्येक चेहऱ्याचं नाव विचारा आणि त्याच दिवशी लिहून ठेवा. त्या दोन फोटोंना काकांनी क्रमांक दिले आहेत, नावाचा रकाना रिकामा आहे. कोणी सोनकच्छला गेलं, तर जरूर बघून सांगा.