बुलेटची हौस आणि तिचा हिशेब

पावसाळा ओसरू लागला की गोमंतकातील गॅरेजांत एक विशिष्ट वर्दळ सुरू होते. चार महिने मांगरात, ओसरीच्या कोपऱ्यात किंवा ताडपत्रीखाली पडून राहिलेल्या जुन्या मोटारसायकली बाहेर निघतात. कुणा आजोबांची बुलेट असते, कुणा वडिलांची येझदी असते, तर एखाद्याच्या मामाने पायलट म्हणून ज्या गाडीवर आयुष्यभर भाडी मारली आणि बहिणींची लग्ने उरकली, ती राजदूत असते. या गाड्यांचे आता भंगारवाल्याशी मोल होत नाही. त्या 'विंटेज' झाल्या आहेत. नोव्हेंबरात वागातोरला रॉयल एन्फील्डचा मेळावा भरतो. 'रायडर मेनिया' या नावाने तो प्रसिद्ध होता आणि २०२३ पासून त्याला 'मोटोव्हर्स' म्हणतात. त्या सुमारास तर म्हापसा ते हणजूण या रस्त्यावर जुन्या एंजिनांचा ठेका ऐकू येतो. तरुणांच्या या हौसेची आम्ही टवाळी करू इच्छीत नाही. हौसेला मोल नसते असे आपल्याकडे म्हणतात. मोल नसेल, पण हिशेब असतो, आणि तो मांडण्याची वेळ आता आली आहे असे आम्हांस वाटते. कारण अनेक घरांत ही हौस पगारावर कर्ज काढून भागविली जात आहे.

प्रथम या गाडीचे कूळ पाहू. बुलेट जन्माने इंग्रज आहे. इंग्लंडातील रेडिच गावच्या कारखान्याची ती निर्मिती. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याने सरहद्दीवरील गस्तीसाठी ती पसंत केली. १९५५ साली मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे गाडी तयार होऊ लागली. मौज अशी की १९७० साली मूळ इंग्रजी कारखान्याचे उत्पादन संपले, पण मद्रासची बुलेट त्याच साच्यातून पुढे चाळीस वर्षे निघत राहिली. ओतीव लोखंडाचा सिलिंडर, ७० मिलिमीटरचा बोअर, ९० मिलिमीटरचा स्ट्रोक, उजव्या पायाचा गिअर आणि टाकीवर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा हे तिचे रूप फारसे पालटले नाही. त्यामुळेच आजही १९६५ च्या गाडीला १९९५ चा एखादा भाग थोडेफार घासूनपुसून बसतो, आणि दिल्लीच्या करोल बागेतून हवा तो सुटा भाग मागविता येतो. बुलेटचे पुनरुज्जीवन इतर गाड्यांच्या मानाने स्वस्त पडते याचे कारण हेच.

इतरांची कथा निराळी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने आधी जावा आणि नंतर येझदी या नावाने दोन सायलेन्सरची, कणखर गाडी दिली. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. नव्या कंपनीने ही नावे २०१८ आणि २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आणली, परंतु नव्या गाडीचे भाग जुनीला लागत नाहीत. राजदूत ३५० चे भाग्य तर याहून विचित्र. जपानच्या यामाहाचे हे यंत्र फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने १९८३ साली येथे आणले, तेव्हा पेट्रोल फार पिते आणि किंमत परवडत नाही म्हणून लोकांनी तिच्याकडे पाठ फिरविली. ते दशक संपता संपता ती बंद झाली. आज तिच्या चालू गाडीला कित्येक लाखांची मागणी येते. ज्या बापाने ती पेट्रोलच्या बिलाला कंटाळून मातीमोल किमतीत विकली, त्याचाच मुलगा ती शोधत बेळगाव आणि कोल्हापूर पालथे घालतो आहे.

आता हिशेब. आकडे गॅरेजागणिक बदलतात, तेव्हा आम्ही एक मध्यम उदाहरण घेतो. कागदपत्रे बऱ्यापैकी असलेली, पण बंद पडलेली १९८० च्या दशकातील बुलेट ८०,००० रुपयांना मिळाली असे धरू. एंजिन उघडले की बोअर मारणे, नवा पिस्टन, क्रँकचे बेअरिंग, व्हॉल्व्ह आणि टायमिंगची चाके असा ३५,००० चा खर्च येतो. चाकांच्या धावा, स्पोक, टायर आणि ब्रेकलायनर यांना १५,००० लागतात. वायरिंग, बॅटरी आणि डायनॅमो यांना १०,०००. टाकी, मडगार्ड यांचे टिंकरिंग, रंग आणि क्रोम ३०,०००. सीट, सायलेन्सर, केबली व बारीकसारीक नटबोल्ट १५,०००. कागदपत्रांचे म्हणून १०,०००. बेरीज १,९५,००० होते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो प्रकार हाच. मसाल्याने कोंबडीला मागे टाकले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यानंतर याच कंपनीची जुन्या वळणाची, पण कोरी करकरीत गाडी शोरूममध्ये याहून कमी किमतीला सुरू होते, आणि तिला हमीही असते.

ही झाली गाडी मूळ रूपात आणण्याची किंमत. 'कस्टम' म्हणजे तिचे रूपच पालटण्याची गोष्ट याच्या पलीकडची आहे. चेसिस कापून मागचा भाग आखूड करणे, पुढचा चिमटा लांबविणे, मागे मोटारीसारखा रुंद टायर बसविणे, टाकी नव्याने ठोकून घेणे, हे सारे हातकाम आहे आणि त्याला दर नाही. तीन लाखांत सुरू झालेले काम पाच लाखांवर गेल्याची उदाहरणे सांगणारे कारागीर आपल्याकडे भेटतात. त्यांचा दोष नाही. लंडनच्या कॅफेंभोवती १९५० आणि ६० च्या दशकांत जी 'कॅफे रेसर' जन्मली, किंवा महायुद्धानंतर अमेरिकेत मडगार्ड कापून जी 'बॉबर' झाली, ती त्या पोरांनी खिशात पैसे नव्हते म्हणून घरच्या घरी केली होती. गरिबीची ती युक्ती आपल्याकडे येईपर्यंत श्रीमंतीची चैन झाली.

यांत आपल्या किनाऱ्याचा एक खास कर भरावा लागतो, त्याची कल्पना पुण्या-बंगळुरूहून गाडी आणणाऱ्याला नसते. समुद्राची खारी हवा क्रोमला वर्षभरात डाग पाडते, स्पोकच्या मुळाशी गंज धरतो आणि टाकी आतून खाल्ली जाते. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल सर्वत्र मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत त्याचे पाणी होते आणि कार्ब्युरेटरमधील जुनी रबरे फुगतात. म्हणजे दोन लाख एकदाच खर्चून सुटका होत नाही. दर चतुर्थीनंतर थोडीफार पदरमोड ठरलेली.

तथापि पैशाहून मोठा प्रश्न कायद्याचा आहे, आणि त्याकडे आमच्या तरुण वाचकांचे लक्ष वेधणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे. 'कस्टम विंटेज' हे शब्द गॅरेजच्या पाटीवर एकत्र नांदतात. कायद्यात ते एकमेकांचे वैरी आहेत. केंद्र सरकारने २०२१ साली विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले आणि चेसिस, बाह्यांग किंवा एंजिन यांत मोठा फेरफार न झालेले, मूळ रूपातील वाहनच विंटेज ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे, ती दहा वर्षे टिकते आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पूर्वीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो, म्हणजे मुक्तीनंतरच्या काळातला आपला 'जीडी'चा क्रमांक जपणाऱ्यांची सोय झाली. पण असे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, विंटेज रॅली, संशोधन, दुरुस्ती व पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच मुभा आहे. शिवाय पन्नास वर्षांची अट लक्षात घ्या. १९८३ साली अवतरलेली राजदूत ३५० ही २०३३ पूर्वी विंटेज होऊच शकत नाही. १९८५ नंतरच्या आरएक्स १०० ला विंटेज म्हणून विकणारा दलाल गिऱ्हाइकाला केवळ एक गोड शब्द विकत असतो.

दुसरीकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२. उत्पादकाने ठरविलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये असे ते सांगते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात त्याचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पाच लाखांची कस्टम गाडी चौकात पोलिसाने अडविली तर ती या कलमाखाली येते. त्याहून गंभीर गोष्ट विम्याची. अपघात झाला आणि चेसिस कापलेली आढळली, तर स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारण्यास विमा कंपनीच्या हाती आयते कारण मिळते. तसे न झाले तरी पाच वर्षांवरील गाडीची विम्यातील किंमत परस्परसंमतीने ठरते, आणि जुन्या बुलेटवर ओतलेले लाखो रुपये त्या आकड्यात क्वचितच दिसतात.

कायदा निरर्थक आहे असे आम्ही म्हणत नाही. गल्लीतल्या वेल्डिंगवर जोडलेली चेसिस बोरी किंवा जुवारी पुलावर तुटली, तर मरणारा केवळ मालक नसतो. परंतु हाच कायदा काटेकोरपणे वाचला तर जुन्या बुलेटच्या पुढच्या चाकाला ड्रम काढून चांगला डिस्क ब्रेक बसविणाराही त्याच कठड्यात उभा राहतो. आजच्या वेगाच्या वाहतुकीत १९६० सालच्या ब्रेकवर भरवसा ठेवून गाडी चालविणे हे धाडसच आहे. गाडी अधिक सुरक्षित करणारा आणि ती धोकादायक करणारा यांत भेद न करणारा नियम शहाणपणाचा नव्हे.

कागदपत्रांची कथा तर प्रत्येक घरी वेगळी. गाडी वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, आरसी बुक हस्तलिखित आणि त्यातली नोंद संगणकावर चढलेलीच नाही. आपल्या नागरी कायद्याप्रमाणे आईचा अर्धा वाटा आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींचाही समान हक्क. तेव्हा एका जुन्या येझदीसाठी सगळ्या वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. मुंबईची बहीण, दुबईचा भाऊ. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे शुल्क २०२२ साली ३०० वरून १,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील दुचाकींसाठी ते २,००० करण्यात आले. उशिराला दरमहा ३०० रुपयांची तरतूद २०२२ च्या नियमात आहे. दोन वर्षांचा विसर ७,२०० रुपयांना पडतो. या कटकटीला कंटाळून कागदांविना गाडी विकत घेणारे आणि मग चोरीच्या एंजिन क्रमांकामुळे ठाण्यात खेटे घालणारे तरुण आहेत. आमचा सल्ला असा की गाडी पाहण्याआधी आरसी बुक पाहावे, त्यातील एंजिन व चेसिसचे क्रमांक बोटाने चाचपून ताडून घ्यावेत, आणि त्यानंतरच रंग कोणता द्यायचा याची चर्चा करावी. रंग बदलला तरी त्याचीही नोंद आरसीत करावी लागते, हे जाता जाता.

या सगळ्यात एका माणसाचा विचार कोणी करीत नाही. टॅपेटचा आवाज ऐकून दोष सांगणारा, प्लॅटिनम पॉइंट कागदाच्या जाडीवर बेतणारा म्हातारा फिटर फोंड्यात, डिचोलीत, मडगावात अजून आहे. त्याच्या हाताखाली शिकायला कोणी नाही, कारण नव्या गाड्यांना संगणक जोडून दुरुस्ती होते. क्रँक दाबायचा असेल तर आजच अनेकांना कोल्हापूरच्या उद्यमनगराची वाट धरावी लागते. आणखी दहा वर्षांनी गाड्या असतील, पैसेही असतील, पण त्या उघडणारा हात राहणार नाही. हौशी मंडळी टाकीच्या रंगावर ३०,००० खर्च करतात आणि फिटरच्या मजुरीत ५०० रुपयांची घासाघीस करतात, ही गोष्ट आम्हांस विशेष खटकते.

राज्य सरकारला कलम ५२ बदलता येणार नाही. ते काम दिल्लीचे. केंद्राकडे सुरक्षिततेसाठी केलेल्या बदलांना तपासणीनंतर मान्यता देण्याची शिफारस मात्र राज्याला करता येईल. जे हातात आहे ते तरी व्हावे. वाहतूक खात्याने हस्तलिखित आरसी बुकांच्या नोंदी संगणकावर चढविण्यासाठी प्रत्येक तालुक्यात ठराविक दिवशी शिबिर भरवावे आणि वारसांच्या नावे हस्तांतरणाचे अर्ज त्याच टेबलावर स्वीकारावेत. फर्मागुडी, म्हापसा व डिचोली येथील आयटीआयमधून जुन्या एंजिनांच्या दुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम सुरू करून या म्हाताऱ्या फिटरांना मानधनावर शिकवायला बोलवावे. त्यांच्याकडे पदवी नाही ही अडचण कोणी पुढे करील. नेमणुकीच्या नियमांत तेवढी सवलत देण्याचा अधिकार सरकारने आजवर याहून कितीतरी किरकोळ कारणांसाठी वापरला आहे.