गळकी माळिगी आणि गिटार

परवाच्या पावसात आमच्या परसातल्या खोलीचं छप्पर गळायला लागलं. खाली पातेलं ठेवता ठेवता अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, शिशुनाळ शरीफांचं ‘सोरुतिहुदु मनिया माळिगी’ गुणगुणू लागल्या. लग्न होऊन या कानडी घरात आले तेव्हापासून हे पद ऐकतेय. पण खरं सांगू? कितीतरी वर्षं मला ते नुसतं गळक्या धाब्याचं गाणं वाटायचं! घर म्हणजे देह, आणि गळती लागते ती अज्ञानानं, हा अर्थ मला समजला तो मुलामुळे. तो रघू दीक्षितांचं रेकॉर्डिंग लावून बसला होता, म्हणून विचारलं.

रघू दीक्षितांचा जन्म १९७४ सालचा, आपल्या नाशिकचा. वाढले मात्र म्हैसूरला. भरतनाट्यम शिकले, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं, आणि पुढे गिटार घेऊन स्वतःची गाणी करू लागले. पहिला वाद्यवृंद ‘अंतराग्नी’. तो मोडल्यावर त्यांनी ‘द रघू दीक्षित प्रोजेक्ट’ काढला. ठरावीक मंडळींचा बँड नव्हे, तर ज्याला सोबत वाजवायचं त्यानं यावं असं मोकळं घर. २००८ साली विशाल-शेखर या संगीतकार जोडीनं त्यांचा पहिला अल्बम काढला. त्यात स्वतःच्या हिंदी-इंग्रजी गाण्यांच्या शेजारी शरीफांची दोन पदं आहेत. व्हायोलिन, गिटार, ड्रम्स सगळं आहे, पण शब्द जागच्या जागी. २०१० साली लुंगी नेसून, पायात घुंगरू बांधून ते बीबीसीवर गायले. २०१३ च्या ‘जग चंगा’मध्येही शरीफ आहेतच; तिथे वाद्यांची गर्दी माझ्या कानाला जरा जास्त होते, पण मुलाला तोच अल्बम आवडतो.

अव्वांना दोन्ही पटेनात. “अश्वथांनी गायलं ते खरं. हे काय, घोडं मागं लागल्यागत!”

सी. अश्वथांची चाल घरोघरी पोचली ती नागाभरणांच्या १९९० च्या चित्रपटामुळे. शरीफ तर १८८९ सालीच गेले. त्यांनी ते कसं म्हटलं, हे ऐकणारं आज कोण आहे? मी तसं म्हटल्यावर अव्वा थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आमच्या माहेरच्या भजनात चाल आणखी निराळीच होती.”

“मग ती म्हणा की!” मुलगा मोबाइल घेऊन पुढे सरसावला. त्याचा मित्र गिटार घेऊन आला होता, त्यानं हळूच सूर धरला. अव्वा डोळे मिटून गाऊ लागल्या. गिटारवाल्याला त्यांची लय सापडेना. दोनदा थांबला, तिसऱ्यांदा नुसता एक सूर धरून बसला, आणि जमलं.

दुसऱ्या कडव्याला अव्वा अडखळल्या. हल्ली त्यांना पुष्कळ गोष्टी आठवत नाहीत. परवा माझंही नाव चटकन आठवलं नाही. खोलीत नुसता पातेल्यात पडणाऱ्या थेंबांचा आवाज. पुढची ओळ मी म्हटली. कधी पाठ झाली होती, मलाच ठाऊक नव्हतं.

अव्वांनी डोळे उघडले, ओळ पुन्हा म्हणून माझा उच्चार सुधारला आणि पुढे गाऊ लागल्या. तेही सगळं रेकॉर्ड झालंय. मुलगा म्हणत होता, तेवढं कापून टाकतो. मी नको म्हटलं.