हवेचा आकडा बाजारात लावा!

महाबळेश्वर-पाचगणीकरहो,

आपण स्ट्रॉबेरी विकतो, चणे विकतो, चपला विकतो. पण गिऱ्हाईक घाट चढून येतं ते हवेसाठी. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी पाचगणीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं तेही याच हवेच्या भरवशावर. मग आज सकाळी वेण्णा तलावापाशी हवेत धूळ-धूर किती होता, हे बाजारपेठेतल्या एकाने तरी छातीठोकपणे सांगावं! पावसाचे इंच आपल्याला तोंडपाठ. हवेचं विचारलं की मोबाइल काढायचा. जवळपास हवा मोजणारं यंत्र नसेल तर त्यातलं ॲप उपग्रह आणि गणितावरून अंदाज बांधतं, आणि एका चौकटीत कित्येक किलोमीटरचा मुलूख धरतं. खाली वाई, वर आपण, मध्ये पसरणीचा घाट. त्याच्या लेखी सगळं एकच.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? जानेवारी २००१ मध्ये केंद्राने हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत अशा क्षेत्रांना वेगळी, कडक मर्यादा आहे. नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी इतरत्र घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम चालते, इथे ३०. सल्फर डायऑक्साइड इतरत्र ५०, इथे २०. मर्यादा कागदावर आहे. ती पाळली जाते की नाही हे गावाला कळायला नको? २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरं निवडली गेली ती आधीच्या मोजणीवरून. मोजणीच नसेल, तर कुठलंही गाव त्या यादीत यायचं कसं?

आता यंत्र बसवायचं कुठे, खरा झगडा इथेच आहे. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याला दव गोठलं की बोटींच्या धक्क्यावरचा पांढरा थर पेपरात छापून येतो आणि आपण खूश होतो. पण तो थर पडतो कशामुळे? निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते, गार झालेली जड हवा उतारावरून खोलगटात साचते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. त्या झाकणाखाली नुसतं दव नसतं. शेकोट्या, अंघोळीच्या पाण्याचे बंब, हॉटेलांचे डिझेल जनरेटर, कुणीतरी पेटवून दिलेला कचरा, या सगळ्यांचा धूर ऊन चढेपर्यंत तिथेच घुटमळतो. मग दिवसभर गाड्यांची रांग, इंजिन चालू, एसी चालू. घोड्यांच्या टापांनी उडणारी लाल माती. पर्यटक दोन दिवसांचा पाहुणा. कणीसवाला, घोडेवाला आणि नाक्यावर पावत्या फाडणारा पोरगा रोज तिथेच उभा असतो.

म्हणून यंत्र विल्सन पॉइंटवर नको. १४३८ मीटरवरच्या भन्नाट वाऱ्यात आकडा देखणा येईल आणि सगळ्यांची सोय होईल. ते तलावाच्या खोलगटात हवं, दुसरं बाजारपेठेत. आणि भिंतीला टांगलेली स्वस्तातली डबी दाखवून आमची बोळवण करू नका. तसली डबी कणांवरून विखुरणारा उजेड मोजते; आपल्या धुक्यात तिला पाण्याचे थेंबही धूळच वाटणार. आत येणारी हवा तापवून कोरडी करणारं, वेळच्या वेळी तपासलं जाणारं यंत्रच इथे टिकेल.

माणसं आणि ज्ञान शोधायला लांब जायला नको. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची प्रयोगशाळा २०१२ पासून आपल्याच गावात ढगांचा आणि ढग ज्यांच्यावर धरतात त्या सूक्ष्म कणांचा अभ्यास करते आहे. नगरपरिषदेने त्या शास्त्रज्ञांना चहाला बोलवावं आणि जागा कुठली, यंत्र कुठलं, हे सरळ विचारावं.

काही हॉटेलवाले म्हणतात, आकडा वाईट आला तर धंदा बसेल. अहो, पुण्या-मुंबईचा माणूस रोज आपल्या शहराचा आकडा बघूनच घराबाहेर पडतो. सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा आपल्या देशात घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. पावसाळ्यात आपला आकडा १५ च्या आत राहिला, तर त्यासारखी जाहिरात नाही. मे महिन्यात चढला, तर गाड्या कुठे अडवायच्या आणि किती सोडायच्या, हे ठरवायला हातात काहीतरी असेल. आज ते सगळं अंदाजपंचे चालतं.

आमचं मागणं एवढंच: दोन यंत्रं, बाजारात मोठा फलक, आणि दर तासाचा आकडा मराठीत, गर्दीच्या दिवशीही न झाकता. सह्यांचे कागद बाजारपेठेतल्या दुकानांत ठेवले आहेत. नगरपरिषदेच्या पुढच्या सभेआधी सही करा आणि सभेला या.

— गावातले काही रहिवासी